तीन नंबरचा गुडघा

नमन त्या विश्वंभराला, ज्याच्या कोठारात कधी खडखडाट नाही, ज्याच्या दारी आलेला मागायचं विसरला तरी ज्याला त्याची निकड ठाऊक असते, त्याच्या पायी माथा ठेवतो आणि मगच तोंड उघडतो, कारण श्रोतेहो, आज तोंडातून काय निघेल याचा मला भरवसा नाही... शून्य म्हणे! ऐकलंत? शून्य! एक नाही, दोन नाही, दारात पोर बसलेली, तिचा बाप भिंतीला टेकून उभा, आणि समोर तो चौकोनी काचेचा पडदा शांतपणे सांगतोय, तीन नंबरचा गुडघा, राखीव साठा शून्य, खरेदीची गरज नाही! अहो, गरज नाही कशी? ती गरज तिथे बाकावर बसून पाय हलवतेय ना! पण हे यंत्राला कोण सांगणार?

थांबा, थांबा, क्रमाने सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा आरतीआधीच प्रसाद वाटायला निघाला. तर ज्यांची ही गोष्ट, त्या आमच्या भांडारातल्या ताई. सगळेच ताई म्हणतात. वयाने मोठे साहेबसुद्धा ताईच म्हणतात. कृत्रिम पाय बसवून देणारं एक केंद्र आहे, त्याच्या भांडाराची किल्ली ताईंच्या कमरेला. तुम्हाला सांगतो, त्या जागी एकदा जाऊन यावं माणसाने. दारातून आत पाऊल टाकलं की प्लास्टरचा ओलसर वास, पलीकडे घासायच्या यंत्राची घरघर, भिंतीला लावलेला माणसाएवढा आरसा, त्याच्यासमोर दोन आडव्या दांड्या, आणि त्या दांड्यांना धरून कुणीतरी नव्या पायावर पहिलं पाऊल टाकतोय, कपाळावर घाम, ओठ दातांखाली... देवळात उभं राहून जे वाटतं ना, तेच तिथे वाटतं! आणि या सगळ्याच्या मागे, जाळीच्या खिडकीआड, ताईंचं भांडार. पट्टे एका फळीवर, नळ्या दुसऱ्या फळीवर, गुडघ्याचे सांधे नंबरवार, फडकं हातात, धूळ म्हणून औषधाला सापडायची नाही. नीटनेटकेपणा हा त्या बाईचा देव. रोज सकाळी लोक मूर्ती पुसतात, ताई काउंटर पुसतात, भाव तोच!

आणि या नीटनेटक्या संसारात वर्षापूर्वी ते सॉफ्टवेअर आलं. साहेब म्हणाले, "ताई, आता अंदाज बंद. किती माल ठेवायचा, कधी मागवायचा, सगळं हेच सांगणार. हे सांगेल ते घ्यायचं, हे नाही म्हणेल ते नाही घ्यायचं." साहेब बोलायला लागले की चष्मा पुढे-मागे करतात, आणि महत्त्वाचं वाक्य असलं की चष्मा काढूनच बोलतात. "वि-श्व-स्तां-चा नियम आहे ताई." चष्मा हातात. आता काय बोलणार?

त्या दिवशी सकाळी काय झालं, सांधे बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलं. ताईंनी वाचलं आणि तशाच खुर्चीवर बसल्या. लहान मुलांसाठी जो तीन नंबरचा गुडघा लागतो, त्याला म्हणे गिऱ्हाईक उरलेलं नाही, सबब साचा मोडीत काढत आहोत, कुणाला हवा असल्यास आज कार्यालय बंद होण्यापूर्वी मागणी कळवावी. आज! श्रोतेहो, आज! आणि साचा एकदा वितळला की तीन नंबर संपला, कायमचा. दोन नंबर झाला की एकदम चार. आता पोरं काय अशी वाढतात का हो, दोनवरून उडी मारून चार? मध्ये तीन येतंच ना? देवाने वाढायला पायऱ्या दिल्यात, त्यातली एक पायरीच काढून टाकायची!

आणि त्याच दिवशी, नेमक्या त्याच दिवशी, ती पोर आली. सुताराची मुलगी. मांडीपासून एक पाय नाही, आणि तरी एवढी चपळ की केंद्रात सगळे तिला तुरतुरी म्हणतात. दोन नंबरचा गुडघा तिला मागेच लहान पडायला लागला होता. नळी लांब करून झाली, बुटाखाली जाड तळवा लावून झाला, पण गुडघा तो खालीच ना! खरा गुडघा वर, खोटा गुडघा खाली, चालताना कंबर अशी एका बाजूला कलते... बघवत नाही. कारागिराने बापाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणखी काही महिने असंच चाललं तर पाठीचा कणा वाकडा होईल, मग पुढे कितीही चांगला पाय लावा. म्हणजे बघा, पोरीचा कणा एका बाजूला, गुडघा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक शून्य!

"आहे का?" सुताराने खिडकीतून विचारलं. हळूच. जो माणूस पुष्कळदा नकार ऐकून आलाय ना, त्याचा आवाज आपोआप हळू होतो.

"बसा हो दादा, पाणी घ्या," ताई म्हणाल्या.

"पाणी म्हणजे नाही," तुरतुरी बाकावरून म्हणाली. "बाबा, इथे पाणी दिलं की समजायचं, नाही."

"गप गं!" बाप.

"मागच्या वेळीपण पाणी. त्याच्या मागच्या वेळीपण पाणी. काकू, तुम्ही पाण्याचंच दुकान काढा की!"

ताईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शून्य. खाली बारीक अक्षरांत, ही वस्तू यादीतून वगळण्याची शिफारस. वगळण्याची! पोर बाकावर, आणि हे म्हणतं वगळा! पण हे यंत्राला कोण सांगणार?

तर ताई गेल्या साहेबांकडे. साहेबांच्या खोलीत जायचं म्हणजे आधी मोज्यांचे खोके ओलांडायचे... हो, मोजे! ते राहिलंच की सांगायचं! कृत्रिम पायाच्या आत मऊ मोजा घालतात, साधा सुती मोजा. हे सॉफ्टवेअर आल्यापासून त्या मोज्यांच्या नुसत्या प्रेमात पडलंय. मोजे मागवा! आणखी मागवा! राखीव साठा वाढवा! भांडार भरलं, जिना भरला, साहेबांच्या टेबलाखाली खोके आले, आता साहेब बसतात ते पाय खोक्यावर ठेवून, सिंहासनावर बसल्यासारखे. जगातल्या सगळ्या शतपाद किड्यांचे पाय तुटले तरी पुरतील एवढे मोजे! आणि गुडघा? शून्य. हा कुठला न्याय?

"साहेब, तीन नंबर आजच मागवायला हवा."

साहेबांनी चष्मा काढला. "सिस्टिम काय म्हणते?"

"सिस्टिम म्हणते नको."

"मग नको."

"साहेब, बाहेर मुलगी बसलीय."

"ताई, मला दिसत नाही का? मलाही मुलं आहेत. पण सिस्टिमने सुचवल्याशिवाय मी सही केली तर विश्वस्त मला विचारतील. आणि विचारायला ते आजच येतायत, दुपारी! विसरलात?"

विसरल्या नव्हत्या हो. त्याच दुपारची तर ताई महिनाभर वाट पाहत होत्या. अशी बरीच केंद्रं आहेत, आणि ज्या भांडाराच्या पडद्यावर एकही लाल ओळ नाही त्याला वर्षाचा मान मिळतो. लाल ओळ म्हणजे कुणीतरी काहीतरी मागितलं आणि ते द्यायचं राहिलं. ताईंच्या पडद्यावर वर्षभरात एक लाल ओळ नाही! एक! थोरल्या विश्वस्तबाई स्वतः बघायला येणार, आणि मान मिळाला की ताईंना सगळ्या केंद्रांच्या भांडारांची प्रमुख करणार असं साहेबांनी अर्धं बोलून, चष्मा काढून, सुचवून ठेवलेलं. ताईंच्या यजमानांचं तर घरी दोनदा विचारूनही झालं होतं, "प्रमुख झाल्यावर गाडी पाठवतील का गं?"

"सिस्टिमचं काही चुकलं असेल तर मदतकक्षाला फोन करा," साहेब म्हणाले. "पण दुपारच्या आत."

फोन! श्रोतेहो, फोन म्हणजे काय तप आहे सांगू? आधी गोड आवाज, "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे." मग पिपाणी. मग पुन्हा, मोलाचा आहे. मग पुन्हा पिपाणी. एवढ्या वेळात ध्रुवबाळाला देव भेटून परत गेला असता! ताईंच्या एका कानात ती पिपाणी, दुसऱ्या कानात बाकावरून टक, टक, तुरतुरी आपला खोटा पाय खऱ्या पायावर आपटतेय, आणि कारखान्याचं कार्यालय तिकडे कुठल्या तरी दूर गावात घड्याळाकडे बघत बसलंय... शेवटी एक बाई बोलल्या. आवाजावरून चांगल्या, पण थकलेल्या.

"बोला ताई."

"तुमचं यंत्र चुकतंय! तीन नंबरचा सेफ्टी स्टॉक शून्य दाखवतंय!"

खटखट खटखट. "चूक नाही ताई. गणित बरोबर आहे."

"बरोबर? मग माझ्या दारात मुलगी बसलीय ती कोण?"

"ती सिस्टिममध्ये आहे का?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! ती बाकावर आहे, तिला भूक लागलीय, ती ताईंच्या काउंटरवरची पेनं मोजतेय, आणि हे विचारतात, सिस्टिममध्ये आहे का!

"सोपं करून सांगते," त्या बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी रोज एकच लिटर दूध लागतं, दूधवाला रोज वेळेवर येतो. जादा पिशवी आणून ठेवाल?"

"नाही."

"आणि पाहुणे कधीही टपकत असतील, दूधवाला कधी येत असेल कधी दांडी मारत असेल, तर?"

"तर ठेवीन."

"तीच जादा पिशवी म्हणजे सेफ्टी स्टॉक. मागणी जितकी वरखाली होते, माल यायचे दिवस जितके मागेपुढे होतात, तितका राखीव साठा जास्त. काहीच हलत नसेल तर राखीव कशाला?"

"मग तीन नंबरची मागणी?"

"अगदी स्थिर आहे ताई. दर महिन्याला शून्य. एवढी शिस्तीची वस्तू तुमच्या अख्ख्या भांडारात दुसरी नाही!"

शिस्तीची! पण ताई हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. "आणि मोजे? मोजे का मग ढीगभर? मोजे तर मी रोज सारखेच देते."

खटखट. "रोज? मला तर दिसतंय, सोमवार ते गुरुवार काही नाही आणि शुक्रवारी एकदम डोंगर."

"अहो, रोज रोज कुठे नोंदत बसू? शुक्रवारी एकदम टाकते सगळे. नीट, एका जागी."

"मग सिस्टिमला वाटणारच ना ताई, की या गावात शुक्रवार आला की लोक मोज्यांवर तुटून पडतात! त्या एका दिवसाच्या धास्तीने ती साठा वाढवत नेते."

ताई खुर्चीत थोड्या खाली सरकल्या. साहेबांच्या पायाखालचे खोके डोळ्यांसमोरून गेले. पण मोज्यांनी कुणाचा कणा वाकडा होत नाही, गुडघ्याचं काय?

"बरं, अजून एक आकडा बघू," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "सर्व्हिस लेव्हल. म्हणजे शंभर जण मागायला आले तर किती जणांना 'आहे' म्हणायचं तुम्हाला?"

"हा काय प्रश्न झाला? शंभरांना!"

"शंभर टाकता येत नाही."

"का नाही?"

"शंभर टाकलं की गणित अनंत साठा मागतं. अठ्ठ्याण्णव टाका."

"आणि ते दोघं?" ताई उसळल्या. "ते उरलेले दोघं कोण? घरदार असेल ना त्यांना? त्यांना तुम्ही सांगणार का तोंडावर, की तुम्ही त्या दोघांमधले?"

तुम्हाला सांगतो, इथे माझेसुद्धा हात जोडले गेले. शंभरातल्या शंभरांना हो म्हणायला अनंत कोठार लागतं, आणि तसं कोठार ज्याचं आहे त्याला आपण रोज नमस्कार करतो. आपली माणसांची भांडारं, त्यांनी दोघांसाठी निदान चुटपुट लावून घ्यावी, एवढंच हातात. असो. ताईंनी टाकले अठ्ठ्याण्णव. शून्य. नव्याण्णव टाकले. शून्य! माल यायचे दिवस वाढवून पाहिले. शून्य!! शून्याला कशानेही गुणलं तरी काय होणार हो? ती चूल पेटलेलीच नाही, तिच्यावर कितीही मोठं पातेलं ठेवा!

"पण लोक मागतात हो!" ताईंचा आवाज फाटला. घासायचं यंत्रसुद्धा क्षणभर थांबलं. "ही मागते, मागे त्या शाळेतल्या बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या, ते जुळे आले होते, किती जण येऊन गेले! मीच तर त्यांना बसवलं!"

"मग त्यांच्या मागण्यांचं काय केलंत?"

"काय करणार? नव्हता माल. पाणी दिलं, गोड बोलले, पुढच्या खेपेला या म्हटलं."

"आणि स्क्रीनवर काय केलंत?"

श्रोतेहो... इथे ताईंची नजर पडद्यावरून बाकाकडे गेली.

"ताई? आहात ना?"

"रद्द केली," ताई म्हणाल्या.

"रद्द? का?"

"लाल दिसतं ना हो."

"आणि रद्द करताना कारण विचारतं, ते काय दिलंत?"

"जे सगळ्यात वर येतं ते."

फोनवरच्या बाईंनी ते वाचून दाखवलं. अगदी हळू आवाजात वाचलं, पण वाचलं. "गरज उरली नाही."

कळतंय का तुम्हाला काय झालं ते? जो जो रित्या हाताने गेला, त्याची त्याची मागणी आमच्या ताईंनी, स्वच्छतेपायी, काउंटरवरची धूळ पुसावी तितक्या सहज पुसून टाकलं, आणि लिहिलं, याला गरज उरली नाही! यंत्र बिचारं काय करणार? त्याला डोळे नाहीत, बाक दिसत नाही, कलती कंबर दिसत नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने खरं मानलं. सकाळपासून आपण ओरडतोय, हे यंत्राला कोण सांगणार, कोण सांगणार... अहो, एका बाईने सांगितलं होतं ना! वर्षभर, न चुकता, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं!

ताईंनी डोळे मिटले. मग उघडले. "त्या परत उघडता येतात?"

"येतात. पण एकेक करून. उघडायची, कारण बदलायचं, 'माल उपलब्ध नव्हता' लिहायचं. आणि ताई... सगळ्या लाल होतील."

सगळ्या लाल! दुपारी विश्वस्तबाई! वर्षाचा मान! प्रमुखपद! गाडी! सांगा मला, तुमचा हात चालला असता? खरं सांगा, मनातल्या मनात सांगा, देव ऐकतोय. ताईंचासुद्धा नाही चालला. फडकं उचललं, काउंटर पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. तेवढ्यात साहेब धावत आले, त्यांना कारागिराकडून कुणकुण लागलेली. "ताई, उद्या करा! उद्या सगळं लाल करा, निळं करा, जांभळं करा! आज नको!"

"उद्या साचा वितळेल साहेब."

"मग एकच करा ना! हिची एकच उघडा!"

"एकीने नाही होत. एकीच्या मागणीवर ते राखीव साठा धरत नाही. सगळ्या सांगाव्या लागतील."

साहेबांनी चष्मा काढला, पण बोलायला वाक्य नव्हतं, म्हणून पुन्हा घातला. आणि ताईंनी पहिली ओळ उघडली.

लाल.

दुसरी. लाल. यंत्र प्रत्येक वेळी विचारतंय, नक्की बदलायचं का? नक्की? अहो, विचारू नका, ती आधीच घाबरलीय! तिसरी, चौथी... तुरतुरी खिडकीतून डोकं घालून बघतेय. पोर वाचायला तरबेज. "काकू, ही मी!"

"हो गं."

"ही पण मी! आणि ही खाली, ही पण मी! बाबा, बघा, मी किती वेळा आहे!" मग तिने शेजारचे शब्द वाचले. बोट थांबलं. "काकू... मला गरज नाही, असं कुणी सांगितलं?"

त्या प्रश्नात तक्रार नव्हती हो. खरोखर विचारत होती. बापाने मान दुसरीकडे फिरवली.

"मी सांगितलं बाळा," ताई म्हणाल्या. "खोटं सांगितलं. आता बदलतेय. तू एक काम कर, मला नावं वाचून दाखव, माझे डोळे भरून आलेत, अक्षरं दिसत नाहीत."

आणि पोर वाचत गेली, ताई लाल करत गेल्या, बाहेर घड्याळ पळत गेलं. पडदा असा पेटला, असा पेटला, की साहेब खिडकीपुढे उभे राहून अंगाने तो झाकू बघत होते, दोन्ही हात पसरून, द्वारपालासारखे! आणि शेवटची ओळ झाली, ताईंनी 'पुन्हा गणना' दाबलं, तर यंत्र काय म्हणालं? वेळापत्रकाबाहेरच्या गणनेसाठी वरिष्ठांची परवानगी आवश्यक. कृपया पासवर्ड टाका! देवा, देवा, देवा! आणि वरिष्ठ कोण? हात पसरून उभे आहेत ते!

आणि नेमक्या त्याच क्षणी दारात चपलांचा आवाज. विश्वस्तबाई. पांढरे केस, हातात काठी, मागे दोघे-तिघे.

"कुठे आहे ते स्वच्छ भांडार?"

"या, या, बाई!" साहेब. आवाज एवढा गोड की मुंग्या लागाव्यात. "आधी चहा... आधी आमचे मोजे बघा, मोज्यांचा साठा पाहण्यासारखा आहे..."

"हे मागे लाल काय आहे?"

"ते? ते होय? ती... नवीन रंगसंगती आहे बाई!"

"खोटं," तुरतुरी म्हणाली. "ती मी आहे. म्हणजे सगळ्या मी नाही. पण ही, ही आणि ही."

बाई खिडकीपाशी आल्या. काठी टेकून वाकल्या. वाचलं. ताई उभ्या राहिल्या आणि सरळ सांगून टाकलं, आधीपासून शेवटपर्यंत, पाणी, रद्द, गरज उरली नाही, साचा, आज, आता. मध्ये एकदाही 'पण' नाही.

बाईंनी पोरीच्या बुटाखालच्या त्या जाड तळव्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पासवर्ड कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," साहेब.

"मग उभे काय राहिलात?"

साहेब बसले. टाकला. चुकला! चष्मा नाकावरून घसरतो. पुन्हा टाकला. चुकला! आता एकदाच संधी, नाहीतर कुलूप! "साहेब, सावकाश," ताई म्हणाल्या, आणि तो सुतार, सकाळपासून हळू बोलणारा तो माणूस, पुढे आला आणि त्याने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, रंधा मारताना लाकडावर ठेवावा तसा, दाबून, स्थिर. साहेबांनी एकेक अक्षर टाकलं. पडद्यावर चाक फिरलं. फिरत राहिलं... फिरत राहिलं... आणि तीन नंबरपुढचं ते शून्य गेलं! गेलं श्रोतेहो! आकडा आला, राखीव साठा आला, खरेदीची शिफारस आली, मागणी रवाना झाली, आणि कार्यालय बंद व्हायच्या तोंडावर तिकडून एक ओळीचं उत्तर आलं. नोंद घेतली. साचा ठेवत आहोत.

ताई मटकन बसल्या. सुताराने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि ताईंपुढे धरला.

माल आला त्या दिवशी तुरतुरी दांड्यांमधून चालली, मग दांड्या सोडून चालली, मग थेट साहेबांच्या खोलीपर्यंत जाऊन मोज्यांचा खोका लाथेने हलतो का ते बघून आली. हलला. नव्या गुडघ्याने हलला! ते शाळेतल्या बाईंचं मूल आलं, जुळे आले, आणि खिडकीतून ताई म्हणाल्या, "आहे." एवढाच शब्द. पाणी त्यानंतर दिलं. आता ताई रोजच्या रोज नोंदी टाकतात, आणि पडद्यावर कायम दोन-चार लाल ओळी असतात, आणि ताई त्या पुसत नाहीत. रोज सकाळी काउंटर पुसायच्या आधी त्या ओळी मोठ्याने वाचतात, आपण स्तोत्र म्हणतो तशा.

आणि प्रमुखपद? गाडी? अहो, नियम तो नियम! विश्वस्तबाईंना पोर आवडली, ताई आवडल्या, डोळे पुसत गेल्या, सगळं खरं... पण वर्षाचा मान ज्याच्या पडद्यावर लाल ओळ नाही त्यालाच. तो गेला शेजारच्या केंद्राला. तिथले भांडारप्रमुख हार घालून, छाती काढून भाषणात म्हणाले, "आमच्याकडे सगळे समाधानी आहेत. तीन नंबरचा गुडघा तर आमच्याकडे कधी कुणी मागतच नाही!" टाळ्या पडल्या हो. ताईंनीही वाजवल्या. काय करणार? आणि घरी येऊन यजमानांना म्हणाल्या, "बसनेच जायचंय. सवय ठेवा."

तर श्रोतेहो, तुमच्या घरी अन्नाचं भांडं कधी रितं न पडो, लेकरांची पावलं सरळ पडोत, थकल्या पायांना टेकायला जागा मिळो. ज्यांनी मागितलं त्यांना तो विश्वंभर देवो, ज्यांनी मागून मागून आवाज हळू केला त्यांना आधी देवो, आणि ज्यांनी मागायचंच सोडलं त्यांच्या दारी त्याने स्वतः चालत जावं. तुम्हा सर्वांचं, तुमच्या घरादाराचं कल्याण होवो.